आर्डिसने न मारलेली हाक

आर्डिस फेल्डकँपची हाक ज्याने एकदा ऐकली त्याला ती पुन्हा ओळखायला तिचा चेहरा दिसावा लागत नसे. हाक पोटातून निघायची, थोडी घोगरी, आणि मग एकदम वर चढून मक्याच्या शेतांवरून दूरवर पसरायची. 'हूऽऽईक! हूऽऽईक, हूऽऽईक!' ओढ्यापलीकडे ओकच्या झाडीत मुळं उकरत असलेली डुकरं माना वर करायची आणि चिखल उडवीत धावत सुटायची. शेजारच्या कुरणातली डुकरं मात्र ढिम्म. अमेरिकेतल्या आमच्या आयोवात तेव्हा घरोघरची हाक वेगळी होती आणि ज्याची हाक त्याचीच डुकरं. आर्डिसच्या वडिलांची हाक दोन सुरांची होती. तिने लग्नाआधीच तिला तिसरा सूर जोडला आणि सासरच्या डुकरांना तो पहिल्याच हिवाळ्यात शिकवला.

जिल्ह्याच्या जत्रेत हाकेची शर्यत असे, ती आर्डिसने जिंकली होती. तिचा नवरा ऑर्लन ही गोष्ट पाहुण्यांना सांगताना नेहमी म्हणायचा, "तंबूत एकही डुक्कर नव्हतं. नुसते तीन परीक्षक. तिने हाक मारली आणि तिघेही खुर्चीतून उठले."

"दोघं," आर्डिस म्हणायची. "तिसरा बहिरा होता."

पुढे भाव पडले. लहान शेतकऱ्यांनी एकेक करून डुकरं विकली, फेल्डकँपांनीही विकली. मग रस्त्याच्या कडेने लांबच लांब पत्र्याचे गोठे उभे राहिले. आत हजारो डुकरं, नळीतून खाणं, नळीतून पाणी. तिथे कुणाला हाक मारायची गरजच नव्हती. ओढ्यापलीकडची झाडी गप्प झाली. आर्डिसच्या गळ्यातली हाक मात्र तशीच राहिली, पेटीत घडी घालून ठेवलेल्या लग्नाच्या कपड्यासारखी. घालायचं कुठे, हाच प्रश्न.

त्यानंतरच्या एका हिवाळ्यात ऑर्लन मक्याच्या कोठीच्या शिडीवरून घसरला. पायऱ्यांवर बर्फाचा पातळ थर होता. तो सरळ टाचेवर आला आणि घोट्याच्या आतलं हाड सांध्यातून फुटलं. डॉक्टरांनी धातूची पट्टी आणि स्क्रू घालून ते जुळवलं. नंतरचं एक्स-रेचं चित्र दाखवताना ते इतके खूश होते की ऑर्लन आर्डिसच्या कानात पुटपुटला, "याला फ्रेम करून द्यायची का?" हाड खरोखर सुरेख जुळलं. आणि तरीही काही वर्षांत सांधा गेला. सकाळी स्वयंपाकघरात येताना ऑर्लन आधी टेबलाची कड पकडायचा, मग खुर्चीची पाठ, मग कॉफीचा कप. जुळलेलं हाड असं का दगा देतं हे त्याला कुणी नीट सांगितलं नव्हतं.

म्हणून विद्यापीठाच्या जनावरांच्या गोठ्यांवर माणूस हवा आहे आणि तिथे सांध्यांवर काम चालतं असं कळलं, तेव्हा आर्डिस नोकरी मागायला गेली ती अर्धी नोकरीसाठी आणि अर्धी तो प्रश्न विचारायला.

डॉ. कॅथलीन ब्रोफी तेव्हा चाळिशीच्या होत्या. उंच, घाईच्या, पायात कायम रबरी बूट. आर्डिसने ऑर्लनच्या घोट्याची हकिकत सांगितली. डॉक्टर उभ्याउभ्या ऐकत होत्या, त्या एका पालथ्या बादलीवर बसल्या.

"दणका बसतो तेव्हा हाडाच्या टोकावरची ती गुळगुळीत कूर्चा आहे ना, तिच्यातल्या थोड्याच पेशी तिथल्या तिथे मरतात," त्या म्हणाल्या. "बाकीच्या जगतात, पण बिथरतात. त्यांच्या आत जळण सुरू होतं. ऑक्सिजनचीच विषारी रूपं तयार होतात आणि शेजारच्या धडधाकट पेशींनाही मारतात. वरून काही दिसत नाही. हाड जुळतं, माणूस घरी जातो."

"ओलं गवत कोठारात भरल्यासारखं," आर्डिस म्हणाली. "वरून गार लागतं. आत हात घातला की पोळतो."

"अगदी तसंच. तर ते धुमसतंय तोवरच सांध्यात औषध सोडायचं, असं आमचं चाललंय. अँटिऑक्सिडंट. नवं काही नाही, छातीतला कफ पातळ करायला हेच देतात. फक्त वास सडक्या अंड्यांचा येतो."

"डुकरांच्या गोठ्यात तेवढाच जरा सुवास," आर्डिस म्हणाली, आणि नोकरी तिला मिळाली.

ती डुकरं तिने आयुष्यभर पाहिलेल्या डुकरांसारखी नव्हती. बुटकी, करडी, विरळ केसांची, अंगाने मोठ्या कुत्र्याएवढी. भूल देऊन त्यांच्या मागच्या एका पायाचा सांधा फोडायचे आणि तिथेच स्क्रू घालून जुळवायचे. काहींच्या सांध्यात औषध, काहींच्या नुसतं मिठाचं पाणी. सुया दुसऱ्या इमारतीतून भरून यायच्या. कुणाला काय मिळालं हे गोठ्यावर कुणालाच कळू देत नसत, डॉक्टरांनाही नाही. वेदनेवर औषधं दिली जात, खाली जाड काड अंथरलं जाई. आर्डिसने हे सगळं पहिल्या दिवशी उभं राहून पाहिलं. घरी आल्यावर तिने ऑर्लनला जेवायला वाढलं. मग म्हणाली, "त्यांना उगाच काही करत नाहीत. पण करतात ते करतात." दुसऱ्या दिवशी ती वेळेवर कामावर होती.

डुकरांना नंबर होते. आर्डिसने त्यांना चर्चच्या गायनवृंदातल्या बायकांची नावं दिली. व्हेल्मा, लिओटा, डेलोरिस आणि सगळ्यांच्या पुढे घुसणारी इर्मा.

"इर्मा श्रोडरला कळलं तर?" ऑर्लनने विचारलं.

"ती गाताना सगळ्यांच्या अर्धा ताल पुढे असते. हीसुद्धा तशीच. तिला मानच वाटेल."

आता डॉक्टरांची अडचण अशी होती. दुखऱ्या पायावर डुक्कर किती भार टाकतं हे मोजायला एका अरुंद वाटेवर लांब काळी चटई पसरलेली होती. तिच्यावर पाय पडला की शेजारच्या पडद्यावर त्याचा दाब उमटायचा. पण डुकरं त्या चटईवरून चालायलाच तयार नसत. मागून फळीने ढकललं की पळत, नाही ढकललं तर आडवी होत. आर्डिस हे दोन दिवस बघत राहिली. तिसऱ्या दिवशी तिने खिशात मार्शमेलो, म्हणजे साखरेचे मऊ गोळे, भरले, वाटेच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिली आणि कित्येक वर्षांनी तोंडापाशी दोन्ही हात नेले.

"हूऽऽईक!"

पत्र्याचं छप्पर घुमलं. डॉक्टरांच्या हातातला कॉफीचा कप हिंदकळला. आणि ज्यांच्या आईनेसुद्धा कधी ती हाक ऐकलेली नव्हती ती बुटकी डुकरं कान टवकारून बघत राहिली. थोड्याच दिवसांत त्या हाकेचा आणि मार्शमेलोचा संबंध त्यांना कळला, आणि मग हाक आली की इर्मा पुढे, बाकीच्या तिच्यामागे, सरळ चटईवरून दुडक्या चालीने आर्डिसच्या गुडघ्यांशी. पडद्यावर पावलांची माळ उमटायची. इमारतीतली माणसं मुद्दाम बघायला यायची. आर्डिस घरी जाताना गाडीत एकटीच हसायची. तिच्या गळ्याला पुन्हा काम मिळालं होतं.

उरलेल्या शस्त्रक्रिया झाल्या, टाके सुकले, आणि चटईवरची मोजणी सुरू झाली. हाक गेली की डुकरं यायचीच. पण कामाच्या दुसऱ्या महिन्यात डॉक्टर एका दुपारी पडद्यासमोर बसून राहिल्या. आर्डिस चारा घालून परत आली तरी त्या तिथेच.

"काय झालं, डॉक्टरीणबाई?"

"काहीच होत नाहीये, हेच झालं." त्यांनी पडदा तिच्याकडे वळवला. "सगळ्या सारख्याच चालतात. औषधवाल्या असोत, पाण्यावाल्या असोत, दुखरा पाय चांगल्याइतकाच टेकतात. जणू कुणाचा पाय मोडलाच नव्हता."

"मग चांगलंच की."

"चांगलं असतं, खरं असतं तर. शेवटी सांधे उघडून आम्ही कूर्चा बघणारच. पण घोटा मोडलेला माणूस मला कूर्चेबद्दल विचारत नाही. तो विचारतो, चालताना दुखेल का? त्याचं उत्तर फक्त या चटईवर आहे. ती काहीच सांगत नसेल तर ही मोजणी टाकून द्यावी लागेल आणि दुसरी तुकडी आणावी लागेल."

"दुसरी तुकडी म्हणजे?"

"म्हणजे पुन्हा तेवढीच डुकरं. पुन्हा सगळं तेच."

आर्डिसने रिकामी बादली खाली ठेवली. नव्या डुकरांचे नवे पाय. आणि या ज्या काडावर पडल्यात त्यांचं दुखणं फुकट. त्या दिवशी ती गोठ्यातून निघाली ती पाय ओढत.

रविवारी ती आणि ऑर्लन चर्चला गेले. गाडी थांबली तसा ऑर्लनने काठी मागच्या सीटवर सरकवली, जशी तो दर रविवारी सरकवायचा. पायऱ्यांवर पाद्री उभे होते, तो त्यांच्याशी हात मिळवून ताठ चालत आत गेला. खाली तळघरात कॉफी होती. तिथेही त्याने दोन्ही हातांत कप घेऊन इर्मा श्रोडरला नेऊन दिला, एक थेंब न सांडता.

"ऑर्लनचा पाय बराच सुधारला गं," इर्मा म्हणाली.

"हो ना," आर्डिस म्हणाली.

घरी आल्यावर तो मागच्या दारातून आत येताना तिने त्याला बघितलं. आता बघणारं कुणी नाही असं त्याला वाटत होतं. तो दाराच्या चौकटीला टेकला, दुखरा पाय वर उचलून धरला, दात आवळले, आणि मग टेबलाची कड, खुर्चीची पाठ. आर्डिस ओट्यापाशी कणसांची सालं काढत होती. तिच्या हातातलं कणीस तसंच राहिलं.

"चर्चमध्ये दुखत नाही का तुला?"

ऑर्लन दचकला. मग खुर्चीत बसत म्हणाला, "दुखतं की. तिथे जास्तच दुखतं."

"मग असा ताठ कसा चालतोस?"

"लोक बघतात. पाद्री हाक मारतात. माणूस चालतो गं. नंतर निस्तरतो." तो हसला. "का? तुला काय, मी लंगडत गेलो तर आवडेल?"

आर्डिस कणीस सोलत राहिली. तिच्या डोळ्यांपुढे वेगळंच काही होतं. सकाळी सकाळी ती कधी न बोलता गोठ्यात शिरली की इर्मा काडातून उठताना मागचा पाय आधी जरा तरंगत धरायची. ते आर्डिसने कितीदा पाहिलं होतं. झोपेतून उठलीय, पाय अवघडला असेल, असं समजून सोडून दिलं होतं. पण मग हाक जायची, आणि इर्मा धावायची. पायाचं काय व्हायचं ते होवो, हाक आली की धावायचं. डुकराला एवढंच येतं. आणि हाक आर्डिस मारत होती.

सोमवारी डॉक्टर बूट चढवत होत्या तेवढ्यात ती समोर जाऊन उभी राहिली.

"चटई ठीक आहे," ती म्हणाली. "माझी हाक ठीक नाही."

डॉक्टरांनी एक बूट हातात धरून सगळं ऐकलं. ऑर्लनचं, चर्चचं, सकाळच्या इर्माचं. 

"माझ्या मनात एकदा येऊन गेलं होतं," त्या म्हणाल्या. "खरं सांगू? मला त्यांना धावताना बघायला आवडायचं. मोडलेल्या पायाची जनावरं हसत धावतात असं कुणाला बघायला आवडणार नाही? मी विचार तिथेच थांबवला."

"मग आता काय? आधीची सगळी मापं गेली?"

"ती गेली. पण दुखऱ्या पायाची तुलना आपण त्याच डुकराच्या चांगल्या पायाशी करतो. त्यामुळे पुढची एक मोजणी खरी निघाली तरी पुरेल. ती शेवटची आहे, आर्डिस. ती बिघडली तर मग दुसरी तुकडी." त्यांनी बूट घातला. "तुम्ही त्या दिवशी न आलेल्याच बऱ्या."

"मी नसले तर त्या हलणार नाहीत."

तसंच झालं. दुसऱ्या दिवशी चाचणी म्हणून आर्डिस बाहेर गाडीत बसून राहिली. आत गोठ्यावरच्या दुसऱ्या माणसाने मार्शमेलो दाखवले, जीभ वाजवली, अगदी तिच्यासारखी हाक मारायचाही प्रयत्न केला. लिओटा आडवी झाली. व्हेल्माने चटई चावली. इर्मा दाराच्या फटीतून बाहेर बघत बसली. डॉक्टर गाडीपाशी आल्या, काच खाली करायची खूण केली.

"या आत. पण तोंड बंद."

मग आर्डिसने डुकरांना नव्याने शिकवायला घेतलं. वाटेच्या टोकाला ती पालथ्या बादलीवर बसायची, हात मांडीवर. मार्शमेलो शेजारच्या पसरट ताटात, आधीपासून ठेवलेले. हाक नाही, जीभ वाजवणं नाही, हसणंसुद्धा नाही. आलीस तर खा, नाही आलीस तर नको. पहिल्यांदा डुकरं नुसती उभी राहिली. तिच्याकडे बघायची, कान पुढे करायची, वाट बघायची. ती कशाची वाट बघतायत हे तिला नेमकं ठाऊक होतं. हाक तिच्या गळ्यात वर यायची आणि ती गिळायची, औषधाची मोठी गोळी गिळावी तशी. लग्न झाल्यापासून जनावर समोर उभं असताना ती कधी इतकी गप्प बसली नव्हती.

हळूहळू त्या येऊ लागल्या. घाई नाही, आपापल्या चालीने, मध्येच थांबून चटई हुंगत. आणि आता दिसायला लागलं. डेलोरिसचं लंगडणं अगदी बारीक, न बघणाऱ्याला कळणारही नाही असं. व्हेल्माचंही. लिओटा पाय टेकायची पण पटकन उचलायची, तापल्या तव्याला बोट लागल्यासारखा. आणि इर्मा, जी सगळ्यांच्या पुढे घुसायची, ती आता सगळ्यांत शेवटी.

"तुला त्यांना असं बघवतं का?" ऑर्लनने एका संध्याकाळी विचारलं.

"नाही."

"मग?"

"आधी मला बघवत होतं, तेच चुकीचं होतं."

मोजणीच्या दिवशी बाहेर पाऊस नव्हता, ऊन नव्हतं, साधा पांढुरका दिवस होता. डॉक्टर पडद्यापाशी. आर्डिस बादलीवर. डेलोरिस आली, ताटातलं खाऊन बाजूच्या कप्प्यात गेली. व्हेल्मा आली. लिओटा आली. प्रत्येक वेळी डॉक्टर न बोलता एक बोट वर करत, म्हणजे माप नीट आलं.

मग इर्मा. ती दारातून बाहेर आली आणि चटईवर दोन पावलं टाकून थांबली. मागचा उजवा पाय तिने उचलून धरला, खूर चटईपासून अर्धं बोट वर, थरथरत. आणि मान वर करून तिने आर्डिसकडे बघितलं. कान पुढे. डोळे बारीक, पापण्यांचे केस पांढरे. एक हाक पुरली असती. एका हाकेसरशी ती आली असती, पाय खाली आपटत, दुखणं मागे टाकून. आणि पडद्यावर उमटलं असतं की या डुकराला काही झालेलंच नाही.

आर्डिसचे ओठ उघडले होते. तिने ते मिटले. आपले हात मांडीखाली सरकवले, कारण तेही तोंडाकडे निघाले होते. गोठ्यात पंख्याचा आवाज सोडून दुसरा आवाज नव्हता. इर्मा उभी राहिली, खूप वेळ, निदान आर्डिसला तरी खूप वेळ वाटला. मग तिने पाय खाली ठेवला, अगदी हलका, आणि चालू लागली. एक पाऊल, एक लंगडं पाऊल. एक पाऊल, एक लंगडं पाऊल. चटईच्या शेवटापर्यंत. ताटातले मार्शमेलो तिने हुंगले आणि ते तसेच सोडून आर्डिसच्या बुटावर हनुवटी टेकली.

डॉक्टरांनी बोट वर केलं. 

दुसरी तुकडी आणावी लागली नाही. पुढे ठरल्याप्रमाणे डुकरांना कायमची झोप दिली गेली, त्या सकाळी आर्डिस प्रत्येकीपाशी बसून होती. मग सांधे उघडले गेले, कूर्चा बघितली गेली, आणि शेवटी दुसऱ्या इमारतीतून कुणाला काय मिळालं होतं ते आलं. औषधवाल्या पायांवर भार जास्त पडत होता आणि त्यांची कूर्चाही जास्त जिवंत होती. फरक चमत्कार म्हणावा एवढा नव्हता. डॉक्टर म्हणाल्या, पुढचं पाऊल टाकायला पुरेल एवढा आहे, माणसांपर्यंत जायला अजून पुष्कळ वाट आहे.

हे कळलं त्या दिवशी आर्डिस घरी आली तेव्हा ऑर्लन व्हरांड्यात बसला होता, दुखरा पाय दुसऱ्या खुर्चीवर.

"मग? तुमच्या गायनवृंदाचं काय निघालं?"

"डेलोरिसला औषध होतं. व्हेल्मालाही."

"आणि आपली इर्मा?"

"मिठाचं पाणी." आर्डिस पायरीवर बसली आणि बूट काढू लागली. "मी हाक मारली असती ना, तर कागदावर ती बरी ठरली असती. साध्या पाण्याने बरी झालेली. मग औषधाला कुणी विचारलंच नसतं."

 शेतातला मका वाऱ्याने सळसळत होता.

"माझ्या वेळेला हे औषध असतं तर?" त्याने विचारलं.

"माहीत नाही."

"काही तरी चांगलं बोल की गं."

"नाही बोलणार," ती म्हणाली. "फार दुखतंय का आज?"

ऑर्लन नेहमीसारखं हसून नाही म्हणणार होता. त्याने तोंड उघडलंही होतं. मग त्याने तिच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "हो. आज फार दुखतंय."

आर्डिस उठली, अनवाणीच, आणि त्याच्या घोट्यासाठी बर्फ आणायला आत गेली.